अकराव्या रेघेवरचं पाणी

१

आमच्या घरी दिवसा निजानीज आणि रात्री जाग, असा उलटा संसार बावीस वर्षं चालला. कतारगामला आमची एक खोली. खोलीची मागची भिंत आणि खात्याची भिंत एकच. खातं म्हणजे मागांचा कारखाना. सुरतेत त्याला खातंच म्हणतात. भिंतीपलीकडे चोवीस माग सारखे खडखडायचे. कळशीतलं पाणी थरथरायचं, फळीवरच्या ताटल्या एकमेकींशी कुजबुजायच्या. गावाकडचा पाहुणा आला की कानावर हात ठेवून बसायचा. आमचं उलटं. खडखड थांबली की आम्हाला जाग यायची.

आमच्या गजेंद्रचे वडील, म्हणजे हे, त्याच खात्यात, कायम रात्रपाळीला. संध्याकाळी सातला जायचे, सकाळी सातला यायचे. आंघोळ, भाकरी, की लगेच खाटेवर. दिवसा झोपणाऱ्या माणसाची एक रीत असते. उजेड नको म्हणून तो पायापासून डोक्यापर्यंत चादर ओढून घेतो. पहिल्यांदा बघेल त्याला मढंच वाटेल. मला सवय होती. मी उंबऱ्यात बसून व्यापाऱ्याच्या साड्यांचे सुटे धागे कापायचे आणि चादरीखालचं घोरणं ऐकायचे.

ते घोरणं मध्येच बंद पडायचं. धागा तुटल्यावर माग थांबतो ना, तसं. मी धागे कापत राहायचे. दहा कापले, पंधरा कापले, वीस झाले, तरी खाटेवरून आवाज नाही. मग एकदम हिसका, बुडता माणूस वर यावा तसा, आणि पुन्हा चालू. मला वाटायचं, कुणाला पाय हलवायची खोड असते, तशी ह्यांना ही.

प्लेगची पळापळ होऊन तीन वर्षं झाली असतील. ह्यांना खात्यात उभ्याउभ्या डुलकी लागायला लागली. एकदा मागाचा धोटा उडाला तो कानाजवळून गेला. एकदा सकाळी पाळी बदलताना ह्यांचा हात फिरत्या पट्ट्याकडे चालला होता आणि डोळे मिटलेले. त्याच मागांवर दिवसपाळीला चिंधा असायचा, आमच्याच गावाकडचा. त्यानं सदऱ्याला धरून मागं ओढलं म्हणून हात राहिला.

शेठ म्हणाला, "काका, झोप घरी काढून या. नाहीतर घरीच बसा."

डॉक्टरांनी तपासलं आणि ह्यांना बाहेर पाठवून मला थांबवलं. "माजी, नींद में इनका गला बंद हो जाता है. हवा रुकती है. अभी तो फिर से चालू होती है."

मी त्या दिवशी घरी येऊन धागे कापायला बसले आणि वीसच्या पुढं मोजायची मला भीती वाटायला लागली.

२

मशीन मिळालं एका ट्रस्टकडून. सुरतेत ही चाल मोठी चांगली. चाकाची खुर्ची, कुबड्या, दवाखान्याची खाट, ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की परत द्यावं. झोपेत हवा देणारं मशीन त्यांच्याकडे एकच होतं, परदेशातून आलेलं. ट्रस्टचा भाई ते रिक्षातून घेऊन स्वतः आला.

शिलाई मशीनच्या डोक्याएवढा डबा. त्याला जाड नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचं रबराचं एक मुसकं, मळणीच्या बैलाला बांधतात तसं. मुसक्याला भोकांचा पट्टा. तिसरं भोक आधीच्या कुणाच्या तरी डोक्यावर ताणून ताणून लांबट झालेलं होतं. ह्यांचं डोकं लहान, ह्यांना पाचवं भोक लागलं.

भाईनं भिंतीला खिळा ठोकून एक फळी टांगली. फळीवर काचेची वाकडी नळी, तिच्यात लाल पाणी, बाजूला रेघा. मुसक्यापासून एक बारीक नळी त्या काचेला जोडलेली.

"भाई, हे काय?"

"माजी, आ हवानुं जोर छे. पाणी जेटलुं उपर, एटलुं जोर." मग मला नीट कळावं म्हणून हिंदीत आला. डब्याला मागं एक गोल खटका होता. सहाव्या रेघेपासून सुरुवात करायची. तीन दिवसांनी खटका थोडा फिरवून पाणी एक रेघ वर घ्यायचं. ज्या रेघेवर श्वास तुटायचा थांबेल तिथं थांबायचं. पोट फुगलं, ढेकर आले, तर एक रेघ खाली.

"पण हे ठरवायचं कुणी? डॉक्टर रोज येणार का?"

"सोनेवाले को मालूम नहीं पड़ता, माजी. सुननेवाले को पड़ता है." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तुम सुनो."

मला अक्षर येत नाही, पण रेघा मोजता येतात. आणि ऐकण्याचं म्हणाल तर लग्न होऊन आले तेव्हा मी कांड्या भरायच्या मशीनवर होते. पन्नास चात्या एकदम फिरत असल्या तरी कुठली सैल आहे ते पाठ फिरवून सांगायचे. हे काम मला जमणार, असं मला मनातून वाटलं. थोडा गर्वच वाटला.

३

"माले बैल समजस का?" पहिल्या दिवशी ह्यांनी मुसकं हातात धरून विचारलं.

"बैल बरा. तो घोरत नाही."

नाकावर चढवलं तर मिशीतून हवा फुसफुस बाहेर. पट्टा आवळला तरी फुसफुस. चिंधा चहाच्या सुट्टीत दारात डोकावला आणि हसून हसून खाली बसला. "काका, इमान उडाडाले चालना का?" विमान उडवायला निघालात का, म्हणे.

ह्यांनी माझी धागे कापायची कात्री उचलली, आरशासमोर गेले आणि मिशी कापून टाकली. लग्नापासूनची मिशी. मी पहिल्यांदाच तो वरचा ओठ बघितला. पातळ होता, आणि कुणा दुसऱ्याचा असावा असा.

सहाव्या रेघेवर फरक नाही. सातव्यावर घसा कोरडा पडला म्हणून मी उशाशी तांब्या ठेवायला लागले. आठव्यावर पोट फुगलं. मी रेघ उतरवली, चार दिवसांनी पुन्हा चढवली. पुढं नऊ, मग दहा. झोपणारा श्वास घेतो तसं लाल पाणी एवढंसं वर, एवढंसं खाली व्हायचं. श्वास अडला की पाणीही अडायचं. त्याच्याकडे बघत मी खटका फिरवायचे. दहाव्या रेघेवर दिवसातून पाच-सहाच अडखळे राहिले. खात्यात डुलक्या थांबल्या. शेठनं कौतुकानं विचारलं, काका, कुठली जडीबुट्टी खाता?

सगळं बरं चाललं होतं आणि मला खोली खायला उठली.

घोरणं गेलं ना. लेक कुसुम सासरी, शिरपूरकडे. गजेंद्र हजीऱ्याच्या कंपनीत ठेकेदारीवर, बायको घेऊन इच्छापोरला राहायचा. हे रात्री खात्यात, दिवसा चादरीत. जेवताना दोन शब्द: मीठ दे, पाणी दे. ते घोरणं तेवढं घरात माणूस असल्याची खूण होतं. आता डबा नुसता सूं करायचा.

आमच्या खान्देशात गोष्ट सांगायची तर समोर कुणीतरी हुंकारा द्यायला लागतो. सांगणारीनं एक वाक्य सांगायचं, ऐकणाऱ्यानं "हं" म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबते. माझ्या आईला शंभर गोष्टी येत होत्या, मला त्याच्यावर वीस येतात. कतारगामला आल्यापासून हुंकारा द्यायलाच कुणी नव्हतं. मी साड्यांना सांगायचे. साडी काय हुंकारा देणार?

त्याच सुमाराला मला ते दिसलं. हे पाळीवर गेलेले. डबा बंद, वायर भिंतीतून काढून ठेवलेली, मुसकं खिळ्याला टांगलेलं. दिवाबत्ती करून मागं वळले तर फळीवरचं लाल पाणी एवढंसं वर गेलं आणि एवढंसं खाली आलं.

मागांची खडखड, मी म्हटलं. ह्या घरात काय हलत नाही?

४

बुधवारी आमच्या गल्लीतली खाती बंद असायची. दुपारी हे चिंधाबरोबर दाढी करायला गेले होते. खडखड नव्हती. कळशीत बघितलं. पाणी आरशासारखं, त्यात माझं कपाळ दिसलं.

फळीवर बघितलं. लाल पाणी वर जात होतं, खाली येत होतं.

वारा म्हणून दार लावलं. उंदीर म्हणून डबा हलवला. मग वाटलं, माझाच श्वास लागत असेल, मी जवळ उभी आहे ना. मी नाक दाबून धरलं. पाणी वर गेलं, खाली आलं. माझ्या श्वासापेक्षा संथ होतं ते. पोटभर जेवून आडवा झालेला माणूस घेतो तसा श्वास. मी मुसक्यापासून येणारी बारीक नळी दोन बोटांत चिमटली. आतून बोटांना कुणीतरी हलकं ढकललं, आणि सोडलं. पुन्हा ढकललं.

चार वाजता गजेंद्र आला. मी त्याला फळीसमोर उभं केलं.

"आई, हवा बदलते तसं पाणी हलतंच. कंपनीत असल्या नळ्या भिंतभर आहेत."

"श्वासासारखं हलतं का?"

"तू दिवसभर एकटी बसतेस ना, त्याचं आहे हे. चल इच्छापोरला."

"आणि ह्यांची भाकरी?"

"मग नको येऊ." तो हसला. घड्याळाकडे बघितलं. "कुठं हलतंय? बघ की."

हलत नव्हतं. तो होता तितका वेळ पाणी हललं नाही. पाहुण्यासमोर लेकरू गप्प बसतं ना, तसं बसलं होतं.

५

पुढच्याच आठवड्यातली सकाळ. कापलेल्या साड्या व्यापाऱ्याकडे टाकून नव्याचं गाठोडं घेऊन मी आले, साडेआठ वाजले असतील. दाराची कडी काढलेली, दार लोटलेलं. आत मशीन सूं करत होतं. खाटेवर चादर, डोक्यावरून ओढलेली. भाकरीचं टोपलं मी झाकून गेले होते तसंच.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नाव एकदा लग्नात घ्यायचं, तेही उखाण्यात गुंडाळून. त्यानंतर जन्मभर 'अहो'. नाव घेऊन हाक मारायची रीत असती तर त्या सकाळी काय झालं असतं, ह्याचा मी फार विचार केला आहे.

"अहो, ऐकलं का? भाकरी नाही खाल्ली?"

चादरीखालून, "हं."

"उठल्यावर खाता?"

"हं."

थकले असतील, म्हटलं. त्या दिवशी अकराव्या रेघेची पाळी होती. मी खटक्याजवळ बसले. श्वास आज फारच तुटत होता. पंचवीस धाग्यांइतका तुटत होता. मी खटका केसभर फिरवला, थांबले, ऐकलं. पुन्हा केसभर. पाणी अकराव्या रेघेला लागलं आणि श्वास जुळला. काय सांगू कसा जुळला. तेल घातलेल्या चातीसारखा. अर्धा तास मी कान लावून बसले, एक अडखळा नाही. माझे डोळे भरून आले. केलं की नाही मी, न शिकलेल्या बाईनं?

आनंद झाला की माणूस बोलतं. मी उंबऱ्यात बसले, गाठोडं सोडलं, आणि एरवी साड्यांना सांगते तसं सांगायला लागले. आईचं सांगितलं, गावच्या विहिरीचं सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, मी बोलते तेव्हा श्वास बारीक होतो. मी थांबले की लांब होतो. आणि वाक्य संपलं की चादरीखालून हळूच,

"हं."

कात्री माझ्या हातातच राहिली. झोपेत देतात का कुणी हुंकारा? देत असतील, मी म्हटलं. अंगात सुख आहे, ऐकू येत असेल. मला थांबवेना. किती वर्षांनी कुणी हुंकारा देत होतं.

मग मी ते सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

दोन वर्षांपूर्वी कुसुम आली होती. भुसावळकडून येणाऱ्या गाडीनं सकाळी उतरली, डोक्यावर पत्र्याची पेटी. ह्याच उंबऱ्यात बसली.

"हं."

हाताची बांगडी वर सारून तिनं मनगट दाखवलं. सुजलं होतं. म्हणाली, आई, बाबांना उठव. मी म्हटलं, झोपलेत, झोपमोड झाली तर रात्री खात्यात हात जाईल त्यांचा. उठतील तेव्हा सांगू.

"हं."

दुपारपर्यंत पोर त्या चादरीकडे बघत बसली. मला सुचेना. लोक काय म्हणतील, जावई काय म्हणेल. मी म्हटलं, दोन वाजता गाडी आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आई, मी जाऊ?

हुंकारा आला नाही. चादरीखालचा श्वासच थांबला. मशीनचं सूं तेवढं चाललं होतं, आणि पाणी अकराव्या रेघेवर गच्च उभं. कुणीतरी सगळं अंग कान करून वाट बघत होतं.

"कोणासंगे बोली ऱ्हायनी व्हती वं?"

आवाज मागून आला. उंबऱ्याबाहेर हे उभे होते. डोक्यात कापसाची धूळ, हातात रिकामा डबा, पायात चपला.

"चिंधा उना नही आज. बारा वाजेपावत मीच ऱ्हायनू." चपला काढून हे आत आले. "मशीन चालूच सोडं का तू?"

मी खाटेकडे बघितलं. चादर सपाट होती. उशीवर मुसकं, पट्टा लावलेला, तिसऱ्या भोकात.

६

मी सांगायला तोंड उघडलं. हे तोवर आडवे झाले होते. पट्टा पाचव्या भोकात लावला, चादर ओढली, आणि दोन मिनिटांत श्वास तसाच लागला, तेल घातलेल्या चातीसारखा. संध्याकाळपर्यंत एकही अडखळा नाही.

डॉक्टर खूश. "बस माजी, ग्यारह. अब इससे नीचे मत करना."

मी माझ्या मनाची समजूत घातली. गाठोडं घेऊन उन्हातून आले होते, डोळ्याला अंधारी आली असेल. मशीन मीच चालू ठेवून गेले असेन. उशीला चादर कुणी नीट टाकली की माणसासारखी दिसते. पण ज्या श्वासाला मी ती रेघ जुळवली, तो श्वास ह्यांचा नव्हता. हे त्या वेळी भिंतीपलीकडे मागावर होते. दुसऱ्याच्या पायाला मापून घेतलेला जोडा मी ह्यांच्या पायात घातला होता, आणि तो बसत होता.

ह्यांची तब्येत सुधारली. गालावर मांस आलं. पण संध्याकाळी मुसकं काढताना मी बघायचे: लावताना पाचवं भोक, काढताना तिसरं. आणि तरी पट्टा सैल नसायचा.

माझं सांगणंही चालूच होतं. लपवत नाही. हे झोपले की मी उंबऱ्यात बसायचे, आणि दोन-तीन वाक्यांनी हुंकारा सुरू व्हायचा. येत होत्या तेवढ्या गोष्टी झाल्या, माझ्या जन्माची गोष्ट झाली. कुसुमचं तेवढं मी पुन्हा काढलं नाही. दिवस कधी मावळायचा कळायचं नाही. इतकी वर्षं मी कतारगामला होते, पण ते दोन महिने मी कुणाबरोबर तरी राहिले.

एका संध्याकाळी पाळीआधी जेवताना ह्यांचा घास हातातच राहिला.

"एक सांगू का तुले? हसू नको."

"सांगा."

"मी आडा पडस ना, तं मना जागावर कोन्ही तरी पहिलेच झोपेल ऱ्हास. मी खाटना बाजूले उभा ऱ्हास. दिनभर."

"उभे?"

"उभा. तू बोलस ते आयकू येस माले. पन तू मनाकडे देखतच नही." ह्यांनी घास ताटात ठेवला. आम्ही एका ताटावर तीस वर्षं बसलो, ह्यांच्या डोळ्यात पाणी मी तेव्हाच बघितलं. "उद्या दोन रेघा उतार. श्वास बंद पडना तं पडू दे. मनी झोप माले पाहिजे."

"हो," मी म्हटलं. "उतरवते."

७

गजेंद्रला मी नंतर सांगितलं, डॉक्टरांनी खाली करू नका म्हटलं होतं, म्हणून मी रेघ उतरवली नाही. तसंच सगळ्यांना सांगितलं. खरं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे खाटेवर बसले आणि मी डब्यामागं हात घातला. बोटं खटक्यावर ठेवली आणि पाठीचा आडोसा केला, ह्यांना फळी दिसू नये असा.

"उतारं का?"

"उतरवलं. नऊवर आहे."

ह्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. ह्यांना रेघा दिसल्या असत्या तरी मोजल्या नसत्या; ते काम माझं होतं ना. पट्टा पाचव्या भोकात लावला, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि चादर डोक्यावर घेतली.

मी उंबऱ्यात बसले. आज नाही बोलायचं, असं ठरवलं होतं. आठ साड्या झाल्या. दहा झाल्या. चादरीखालचा श्वास बारीक होऊन थांबून होता, सांग म्हणत होता. मी तोंडात पदर कोंबला. दुपारी जेवले नाही. खोलीत एवढी वाट बघणारं कुणी असताना गप्प बसणं किती अवघड, ते ज्याचं त्याला कळेल.

सहा वाजले. पाळीची वेळ.

"अहो, ऐकलं का? उठा."

"हं."

चादर हलली नाही.

"अहो, सात वाजतील. चिंधा वाट बघेल."

"हं."

तो हुंकारा होता. उठणाऱ्या माणसाचा आवाज तो नव्हता. मी आत गेले. खाटेजवळ उभी राहिले. खाटेच्या बाजूची ती हातभर जागा मोकळी होती, आणि तरी मी तिथं पाय ठेवला नाही, वळसा घालून डोक्याकडे गेले. का, ते विचारू नका. तिथं कुणी उभं असल्यासारखं मी वळसा घातला.

मग मी नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. नुसतं नाव.

"सुकलाल."

माझ्याच तोंडातून ते परकं वाटलं. चादरीखालचा श्वास संथ चालला होता, नाव त्याच्या कानावर पडलंच नाही.

"सुकलाल. अहो... सुकलाल!"

फळीवरचं पाणी हललं.

अकराव्या रेघेवरून ते एकदम खाली पडलं. खाली उभं राहिलं. मी मोजायला लागले, हातात धागा नसताना मोजायला लागले. दहा. पंधरा. वीस. आणि हिसका बसला, बुडता माणूस वर यावा तसा, आणि पाणी वर आलं. पुन्हा पडलं. पुन्हा वीस. ते अडखळणं मी ओळखलं. हजार माणसांत ओळखलं असतं. बावीस वर्षं उंबऱ्यात बसून मी तेच ऐकलं होतं. इकडे खाटेवर श्वास तेल घातल्यासारखा चालला होता, आणि तिकडे भिंतीवर, एवढ्याशा काचेत, माझं माणूस बुडत होतं आणि वर येत होतं.

मी खटक्यावर हात ठेवला. दोन रेघा. केसभर केसभर करत दोन रेघा, एवढंच काम.

चादर खाली सरकली. डोक्यापासून छातीपर्यंत, आतून कुणी हातानं सारली तशी. मुसक्याच्या वर डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते. तीस वर्षांत माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं, इतकं लक्ष देऊन.

मुसक्याच्या आत ओठ हलले. आवाज ह्यांचाच होता.

"मंग? कुसुमनी काय करं?"

भिंतीवर पाणी पडलं. मी मोजलं नाही. बाहेर पाळीची माणसं गल्लीतून चालली होती, कुणीतरी ह्यांना हाक मारून पुढं गेलं.

मी खटक्यावरचा हात काढून घेतला. खाटेच्या पायथ्याशी खाली बसले, पदर नीट केला.

"कुसुम उठली," मी म्हटलं. "पेटी डोक्यावर घेतली, आणि त्या चादरीला वाकून नमस्कार केला."

"हं."